निम्मा कंटेनर रिकामा पाठवणंही कधी कधी परवडतं! परदेशी माल पाठवताना एफसीएल घ्यावं की एलसीएल?

सोलापूरचा एक टॉवेल कारखानदार आहे असं समजा. आजवर तो आपला माल मुंबईच्या व्यापाऱ्याला विकायचा आणि पुढची निर्यात तो व्यापारीच करायचा. आता पहिल्यांदाच जर्मनीतल्या हॅम्बर्गच्या एका ग्राहकाने थेट ऑर्डर दिली आहे. शंभर खोकी टॉवेल. माल तयार आहे, आयात-निर्यात कोड काढून झालाय आणि फ्रेट फॉरवर्डरचा, म्हणजे जहाजाने माल पाठवायची व्यवस्था करणाऱ्या एजंटचा फोन येतो.

“शेठ, एफसीएल पाठवायचं की एलसीएल?”

शेठ विचारतात, “स्वस्त काय पडेल?”

“एलसीएल. सीबीएमला फक्त पाचशे रुपये भाडं लावतो तुम्हाला.”

शेठ खूश. सौदा पक्का. दीड महिन्याने हॅम्बर्गच्या ग्राहकाचा ई-मेल येतो. त्यात माल मिळाल्याचं आहे, सोबत तिकडच्या एजंटने आकारलेल्या खर्चाचं लांबलचक बिलही जोडलेलं आहे आणि एकच प्रश्न आहे: “भाडं तुम्ही भरणार होतात ना? मग हे काय?”

हा प्रसंग काल्पनिक असला तरी नव्या निर्यातदारांच्या बाबतीत असं नेहमी घडतं. एफसीएल की एलसीएल हा प्रश्न वरवर फक्त मालाच्या आकाराचा वाटतो. प्रत्यक्षात तो आणखी दोन गोष्टींचा असतो. तुमच्या मालाचा खर्च नेमका कुठे आणि कोणाकडून वसूल होतो, आणि त्या लोखंडी पेटीत तुमच्या शेजारी कोणाचा माल आहे.

एक प्रासंगिक करार, दुसरं वडाप

एफसीएल म्हणजे ‘फुल कंटेनर लोड’. एलसीएल म्हणजे ‘लेस दॅन कंटेनर लोड’. नावं बाजूला ठेवून बघितलं तर प्रकार आपल्या ओळखीचा आहे.

लग्नाच्या वऱ्हाडासाठी एसटी महामंडळाची गाडी प्रासंगिक करारावर घेतली, की अख्खी गाडी तुमची. वऱ्हाडी पंचेचाळीस आले काय किंवा वीस आले काय, पैसे तेवढेच. गाडी तुमच्या दारातून निघते आणि थेट कार्यालयाच्या दारात थांबते. हे झालं एफसीएल.

वडाप वेगळं. तुम्ही एका सीटचे पैसे देता. शेजारी कोण बसेल, त्याच्या पिशवीत सुकट आहे की फुलं, हे तुमच्या हातात नाही. गाडी कधी सुटेल तेही तुमच्या हातात नाही आणि एखाद्याची पिशवी नाक्यावर पोलिसांनी उघडायला लावली, तर सगळेच थांबतात. हे झालं एलसीएल.

इथे एक गैरसमज आधीच दूर करायला हवा. एफसीएलमधल्या ‘फुल’ या शब्दाचा अर्थ कंटेनर गच्च भरलेला असला पाहिजे असा होत नाही. संपूर्ण पेटी एकाच पाठवणाऱ्याने घेतली आहे, इतकाच त्याचा अर्थ. त्यात दहा खोकी ठेवून पाठवली तरी ते एफसीएलच.

पेटीत मावतं तरी किती?

माल पेट्यांमध्ये भरून ती पेटीच जहाजावर चढवायची, ही कल्पना व्यवहारात आणली ती माल्कम मॅक्लीन या अमेरिकन ट्रक व्यावसायिकाने. २६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल एक्स’ नावाचं त्याचं जहाज ५८ कंटेनर घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघालं. त्याआधी गोणी, पिंपं, खोकी एकेक करून हमाल जहाजात चढवायचे. आज आपल्याकडे उरणजवळच्या न्हावा शेवा बंदरातून, म्हणजे १९८९ साली सुरू झालेल्या जेएनपीएमधून, जी वाहतूक होते ती जवळपास सगळी याच पेट्यांमधून होते.

पेट्यांची मापं ठरलेली आहेत. वीस फुटी कंटेनरची आतली जागा साधारण ३३ घनमीटर असते. या घनमीटरलाच धंद्यात ‘सीबीएम’ म्हणतात. चाळीस फुटीत साधारण ६७ सीबीएम आणि उंच चाळीस फुटीत, ज्याला ‘हाय क्यूब’ म्हणतात, साधारण ७६ सीबीएम. पण ही कागदावरची जागा. खोक्यांच्या मधल्या फटी, कोपरे, दरवाजाजवळची जागा धरली तर वीस फुटीत प्रत्यक्षात २५ ते २८ सीबीएम माल बसतो.

गंमत म्हणजे चाळीस फुटी पेटी आकाराने दुप्पट असली तरी वजन दुप्पट उचलत नाही. दोन्हींची वजन पेलायची क्षमता आसपासच असते. म्हणून कोल्हापूरच्या फाउंड्रीतलं ओतीव काम, फरशी, रसायनांची पिंपं असा जड माल वीस फुटीत जातो, आणि टॉवेल, कपडे, फर्निचर असा फुगीर माल चाळीस फुटीत.

आता सोलापूरच्या शेठची शंभर खोकी घेऊ. एक खोकं ६० बाय ४० बाय ४० सेंटिमीटरचं. म्हणजे ०.०९६ सीबीएम. शंभर खोक्यांचे झाले ९.६ सीबीएम. प्रत्येक खोकं १८ किलोचं धरलं तर एकूण वजन १,८०० किलो.

एलसीएलमध्ये भाडं आकारताना एक टन वजन आणि एक घनमीटर जागा समान मानतात आणि दोन्हींपैकी जे जास्त भरेल त्याचे पैसे लावतात. टॉवेलचे १.८ टन आणि ९.६ सीबीएम, म्हणून भाडं ९.६ वर. याउलट कोल्हापूरचं ओतीव काम जेमतेम ३ सीबीएम जागेत ६ टन भरलं तर भाडं ६ वर. आणि माल अर्धा सीबीएम असला तरी किमान एक सीबीएमचे पैसे बहुतेक ठिकाणी द्यावेच लागतात.

मापात आणखी एक गोम आहे. गोदामात जे मोजमाप होतं तेच धरलं जातं, तुमच्या पॅकिंग लिस्टवरचं नाही. टॉवेल ठासून भरल्यामुळे खोकं वरून दोन सेंटिमीटर फुगलं, तर त्याच शंभर खोक्यांचे ९.६ ऐवजी १०.०८ सीबीएम होतात. खोकी युरोपात चालणाऱ्या १२० बाय ८० सेंटिमीटरच्या लाकडी पॅलेटवर रचली तर त्या पॅलेटची उंचीही मोजली जाते. चार थर, म्हणजे सोळा खोकी एका पॅलेटवर बसतात. खोक्यांचे स्वतःचे होतात १.५४ सीबीएम, पॅलेट धरून होतात साधारण १.६८. म्हणजे जवळपास नऊ टक्के जास्त पैसे, लाकूड आणि हवेसाठी. तरीही नाजूक मालाला पॅलेट लावावं, कारण पुढे त्या खोक्यांना बऱ्याच हातांतून जायचं आहे.

एका खोक्याला किती वेळा उचललं जातं?

एफसीएलमध्ये रिकामा कंटेनर ट्रेलरवरून कारखान्यात येतो. तुमचीच माणसं माल भरतात, दरवाजा बंद होतो, सील लागतं. कस्टम्सच्या परवानगीने कारखान्यातच इलेक्ट्रॉनिक सील लावायची सोय आपल्याकडे २०१७ पासून आहे. कंटेनर बंदरात जातो, जहाजावर चढतो, पलीकडे उतरतो आणि ग्राहकाच्या गोदामात जाऊन उघडतो. मध्ये तपासणी निघाली नाही तर खोक्याला हात लागतो तो दोनदाच, भरताना आणि काढताना.

एलसीएलचा प्रवास लांबचा. कारखान्यातून ट्रक निघतो तो बंदरात जात नाही, सीएफएसमध्ये जातो. सीएफएस म्हणजे कंटेनर फ्रेट स्टेशन, बंदराबाहेरचं मोठं गोदाम. उरण आणि पनवेलच्या पट्ट्यात अशा सीएफएसची रांगच आहे. तिथे माल उतरतो, मोजला जातो, कस्टम्सचे सोपस्कार होतात. मग कन्सॉलिडेटर, म्हणजे अनेकांचा माल एकत्र करणारा, त्याच गावाला जाणारा दहा-पंधरा जणांचा माल एका पेटीत भरतो. पलीकडच्या बंदरातही असंच गोदाम असतं. तिथे पेटी उघडते, प्रत्येकाचा माल वेगळा होतो आणि मग ट्रकने ज्याच्या त्याच्या दारी जातो.

हॅम्बर्ग, दुबई, सिंगापूर अशा वर्दळीच्या ठिकाणांसाठी कन्सॉलिडेटरचा कंटेनर सहसा दर आठवड्याला निघतो. पण ग्राहक आफ्रिकेतल्या किंवा लॅटिन अमेरिकेतल्या लहान बंदराच्या गावी असेल, तर तिथे जाणारा थेट एलसीएल कंटेनर मुंबईत भरतच नाही. मग माल आधी सिंगापूर किंवा जेबेल अलीला जातो, तिथे पेटी उघडते आणि दुसऱ्या पेटीत पुन्हा भरणी होते. नाक्यावर वडाप बदलावं तसं. खोकी चेपणं, एखादं खोकं कमी भरणं, लेबल फाटून भलत्याच ढिगात जाणं हे प्रकार इथेच होतात.

या सगळ्यात एफसीएलपेक्षा साधारण आठवडा-दहा दिवस जास्त जातात. टॉवेलला त्याने फरक पडत नाही. दिवाळीच्या आकाशकंदिलांना पडतो. दिवाळी उलटून गेल्यावर लंडनला पोहोचलेला फराळ आणि कंदील अर्ध्या किमतीतही कोणी घेत नाही.

पाचशे रुपयांचं गौडबंगाल

आता त्या स्वस्त भाड्याकडे वळू. एफसीएलचं भाडं हजारो किंवा लाखांत असताना एलसीएलचा सीबीएमला पाचशे रुपये हा दर कुठून येतो? काही मार्गांवर तर तो शून्य असतो. एवढंच नव्हे, शून्याच्याही खाली जातो, म्हणजे माल दिल्याबद्दल फॉरवर्डरलाच वर पैसे मिळतात. समुद्रात डिझेल फुकट मिळत नाही, मग हे परवडतं कसं?

उत्तर पलीकडच्या बंदरात आहे. कन्सॉलिडेटरचा तिकडे एक भागीदार एजंट असतो. माल तिथे पोहोचला की तो ग्राहकाकडून पेटी उघडण्याचा खर्च, गोदामातली हाताळणी, कागदपत्रांची फी, डिलिव्हरी ऑर्डरची फी अशी अनेक शीर्षकं लावून पैसे घेतो. समुद्रावर सोडलेलं भाडं तिथे वसूल होतं आणि त्यातला वाटा इकडे परत येतो. ग्राहकापुढे पर्याय नसतो. पैसे भरल्याशिवाय डिलिव्हरी ऑर्डर मिळत नाही आणि माल पडून राहिला तर गोदामभाडं चढत जातं.

याचा उलटा अनुभव आपल्याकडच्या आयातदारांना चांगला ठाऊक आहे. चीनहून तीन-चार सीबीएम माल मागवणाऱ्या भिवंडीच्या किंवा मशीद बंदरच्या व्यापाऱ्याला तिकडचा विक्रेता सांगतो, भाडं माझ्याकडे लागलं. माल न्हावा शेव्याला येतो आणि इथल्या एजंटचं बिल हातात पडतं तेव्हा ते ‘फुकट’ भाडं मालाच्या किमतीशी स्पर्धा करत असतं.

यात फसवणूक म्हणावी असं कागदावर काही नसतं. दर विचारणाऱ्याने फक्त समुद्रभाडं विचारलं, त्याला फक्त समुद्रभाडं सांगितलं. पण ज्याच्याशी पुढची वीस वर्षं धंदा करायचा तो ग्राहक पहिल्याच ऑर्डरला दुखावतो, ही किंमत कोणत्याच बिलात दिसत नाही.

म्हणून सौद्याच्या अटी आधी बघाव्या लागतात. ‘सीआयएफ’ अटीवर विक्री असेल तर पलीकडच्या बंदरापर्यंतचं भाडं आणि विमा विक्रेत्याकडे असतो, फॉरवर्डरही विक्रेताच निवडतो, पण बंदरानंतरचा भुर्दंड ग्राहकाच्या माथी जातो. वरचा घोटाळा नेमका याच अटीत होतो. ‘एफओबी’मध्ये जहाजाचं भाडं आणि फॉरवर्डरची निवड ग्राहकाकडे असते, त्यामुळे तिकडच्या दरांची चौकशी तोच करतो. पण एफओबीत माल जहाजावर चढेपर्यंतची जोखीम विक्रेत्याची असते आणि एलसीएलचा माल तर त्याआधी कित्येक दिवस भलत्याच्या गोदामात पडलेला असतो. म्हणून कंटेनरच्या मालासाठी ‘एफसीए’ ही अट वापरावी, असं या अटी ठरवणारं इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्स सांगतं. त्यात ठरलेल्या ठिकाणी, उदाहरणार्थ सीएफएसमध्ये, माल ग्राहकाच्या वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की जोखीम ग्राहकाकडे जाते. आपल्याकडे सवयीने अजूनही सगळीकडे एफओबीच लिहिलं जातं.

मग हिशेब कसा मांडायचा?

दोन्ही पर्यायांचा दारापासून दारापर्यंतचा पूर्ण खर्च काढायचा. दर रोज बदलतात, त्यामुळे खालचे आकडे फक्त समजण्यासाठी घेतले आहेत.

समजा वीस फुटी एफसीएलचा, ट्रेलर, दोन्ही बंदरांचा हाताळणी खर्च आणि कागदपत्रं धरून, एकूण खर्च २ लाख रुपये आहे. एलसीएलचा दोन्हीकडच्या गोदामांचा खर्च धरून सीबीएमला ११ हजार रुपये आणि शिवाय दर शिपमेंटला ठरलेले २५ हजार रुपये.

शेठच्या ९.६ सीबीएमचे एलसीएलने होतात १,०५,६०० आणि वर २५ हजार, म्हणजे १,३०,६००. एफसीएलपेक्षा जवळपास ७० हजारांनी कमी. पहिल्या ऑर्डरला एलसीएलच बरोबर होतं. चूक एलसीएल घेण्यात झाली नव्हती, तिकडचा खर्च आधी न विचारण्यात झाली होती.

आता दुसरी ऑर्डर दीडशे खोक्यांची आली तर? १४.४ सीबीएम. एलसीएलचा खर्च १,८३,४००. एफसीएल अजूनही १६,६०० रुपयांनी महाग. कागदावर एलसीएल जिंकलं. पण या सोळा हजारांत काय काय मिळतं ते बघा. आठवडा-दहा दिवस वाचतात, खोकी कमी वेळा हाताळली जातात, शेजाऱ्याची भानगड नाही. शिवाय निम्मी पेटी रिकामी आहे. ग्राहकाने आणखी पन्नास खोकी घेतली तर त्यांचं समुद्रभाडं शून्य. एलसीएलमध्ये त्याच पन्नास खोक्यांचे ५२,८०० रुपये जास्त लागले असते.

म्हणूनच या धंद्यातली माणसं १३ ते १५ सीबीएमच्या पुढे एफसीएलचा दर मागवतातच. ही रेषा काही दगडावरची नाही. कंटेनरची टंचाई झाली की पेटीचं भाडं उसळतं आणि रेषा पुढे सरकते. करोनाच्या काळात २०२१ साली तसं झालं. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि युरोपला जाणारी जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागली, तेव्हाही भाडी चढली. त्यामुळे मागच्या वर्षीचा हिशेब यंदा वापरू नये.

शेजारी कोण आहे?

समजा सांगलीच्या एका व्यापाऱ्याची हळद त्याच पेटीत आहे. एक पोतं फाटलं. हळदीचा वास आणि रंग पांढऱ्या टॉवेलवर काय करेल हे कोणत्याही घरात विचारलं तरी कळेल. चांगले कन्सॉलिडेटर वासाचा, गळणारा आणि खाण्याचा माल एकमेकांजवळ ठेवत नाहीत. पण आपला माल कशाजवळ ठेवू नये हे आपणहून सांगावं लागतं आणि आत प्लॅस्टिकचं अस्तर स्वतः लावावं लागतं.

दुसऱ्या कोणाच्या लाकडी पॅलेटवर कीडमुक्त प्रक्रियेचा शिक्का नसेल, कोणी मालाचं वर्णन चुकीचं दिलं असेल, कोणी ज्वलनशील वस्तू लपवून पाठवली असेल, तर कस्टम्स ती पेटीच अडवतं. तुमचे कागद चोख असून उपयोग नसतो.

याचं टोकाचं रूप जगाने २०२१ मध्ये पाहिलं. २३ मार्चला ‘एव्हर गिव्हन’ हे चारशे मीटर लांबीचं जहाज सुएझ कालव्यात आडवं अडकलं. सहा दिवसांनी सुटलं, बातम्या संपल्या. पण त्यावर जे सुमारे १८,३०० कंटेनर होते त्यांच्या मालकांची कथा तिथून सुरू झाली. भरपाईच्या वादात इजिप्तने जहाज जुलैपर्यंत अडकवून ठेवलं आणि जहाजमालकाने ‘जनरल ॲव्हरेज’ जाहीर केलं.

समुद्रावरचा हा फार जुना नियम आहे. सगळ्यांचं जहाज आणि माल वाचवण्यासाठी जो असाधारण खर्च होतो, तो जहाजमालक आणि सगळे मालधनी यांनी आपापल्या मालाच्या किमतीच्या प्रमाणात वाटून घ्यायचा. आपला वाटा भरण्याची हमी दिल्याशिवाय माल सुटत नाही. मालाचा विमा असेल तर ही हमी विमा कंपनी देते. विमा नसेल तर रोख अनामत ठेवावी लागते.

आता एलसीएलचा विचार करा. पेटी एक, मालक पंधरा. चौदा जणांनी हमी दिली आणि पंधराव्याने विमाच काढलेला नाही किंवा तो फोन उचलत नाही. अशा वेळी पेटी सुटायला चौदा जणही ताटकळतात. माल लहान आहे म्हणून विमा नको, असं एलसीएलवाल्यांना हमखास वाटतं. खरं तर विम्याची जास्त गरज त्यांनाच असते. जहाज कंपनीची किंवा कन्सॉलिडेटरची नुकसानभरपाईची जबाबदारी कायद्याने मर्यादित असते आणि ती मालाच्या पूर्ण किमतीइतकी क्वचितच भरते.

कागदांतही एक फरक आहे. एफसीएलमध्ये जहाज कंपनीचं बिल ऑफ लेडिंग थेट तुमच्या नावावर मिळू शकतं. एलसीएलमध्ये जहाज कंपनी ‘मास्टर’ बिल देते ते कन्सॉलिडेटरला, तो तुम्हाला देतो ते ‘हाउस’ बिल. जहाज कंपनीच्या लेखी तुम्ही तिचे ग्राहकच नसता. मधल्याने पैसे थकवले किंवा गाशा गुंडाळला, तर तुमचं भाडं भरून झालेलं असूनही माल अडकू शकतो. म्हणून दरात पाच-दहा टक्क्यांचा फरक असेल तर ओळखीचा, जुना कन्सॉलिडेटर घ्यावा.

एफसीएल प्रत्येक वेळी चांगलं असंही नाही

इचलकरंजीच्या जुन्या वस्तीतल्या गल्लीत चाळीस फुटी ट्रेलर वळत नाही, हे तिथल्या प्रत्येक यंत्रमागधारकाला माहीत आहे. कंटेनरचं तळ जमिनीपासून चार-साडेचार फूट उंच असतं, धक्का नसेल तर माल चढवणंही अवघड. अशा वेळी एफसीएल घेऊनही माल ट्रकने सीएफएसला नेऊन तिथेच आपल्या पेटीत भरता येतो. खर्च थोडा वाढतो, पण पेटी आपलीच राहते.

दुसरा धोका घड्याळाचा. कंटेनर जहाज कंपनीचा असतो. ठरावीक मोफत दिवसांत तो बंदरातून उचलून, रिकामा करून परत केला नाही तर दररोज दंड लागतो, आणि दिवस वाढतील तसा दंडाचा दरही चढतो. बंदरात पडून राहिल्याचा दंड वेगळा आणि पेटी वेळेत परत न केल्याचा वेगळा. हॅम्बर्गच्या ग्राहकाकडे एकदम अडीचशे खोकी ठेवायला जागाच नसेल, तर त्याला एफसीएल पाठवणं म्हणजे त्याला गोत्यात आणणं. ज्याला दर महिन्याला थोडा थोडा माल हवा आहे, त्याच्यासाठी महिन्याला चार-पाच सीबीएमचं एलसीएलच चांगलं. पैसाही कमी अडकतो.

मोठे परदेशी खरेदीदार वेगळी युक्ती करतात. सोलापूरचे टॉवेल, करूरच्या चादरी, मुरादाबादची पितळी भांडी ते आपल्याच नावे एका सीएफएसमध्ये गोळा करतात आणि स्वतःची भरलेली पेटी नेतात. शेजारी अनेक, पण घर एकाचंच. अशा खरेदीदाराशी गाठ पडली तर विक्रेत्याला फक्त वेळेत सीएफएस गाठायचं असतं.

आणि द्राक्षं? नाशिकची द्राक्षं युरोपला जातात ती शून्य अंशाच्या आसपास ठेवलेल्या रीफर म्हणजे शीत कंटेनरमधून. पंधरा जणांच्या मालासाठी चार ठिकाणी उघडणारी पेटी तिथे चालतच नाही. एकट्या दोन एकरवाल्याची द्राक्षं स्वतंत्र कंटेनर भरत नाहीत, हेही खरं. त्यावरचा उपाय शेतकऱ्यांनी समुद्रावर न शोधता जमिनीवर शोधला. १९९१ साली महाग्रेप्ससारखी सहकारी रचना उभी राहिली, जिथे अनेकांचा माल एकाच प्रतीचा करून, एकाच पॅकहाऊसमध्ये थंड करून, पूर्ण कंटेनरने जातो. वाटून घेणं झालं, पण पेटी उघडायची वेळ आली नाही.

फॉरवर्डरला काय विचारायचं?

सोलापूरच्या शेठला दुसऱ्या वेळी फोन आला, तेव्हा प्रश्न बदललेले असायला हवेत. भाडं किती, याआधी हे विचारायचं: हॅम्बर्गला माझ्या ग्राहकाकडून नेमकं काय काय घेतलं जाणार, त्याची शीर्षकवार यादी तिकडच्या एजंटच्या ई-मेलवर द्या. कंटेनर थेट हॅम्बर्गला जातो की मध्ये कुठे उघडतो? सीएफएसला माल पोहोचवायची शेवटची तारीख कोणती आणि ती चुकली तर पुढची पेटी कधी? हाउस बिल कोणाच्या नावाचं असेल? एफसीएल असेल तर मोफत दिवस किती, आणि ते वाढवून मिळतील का? बुकिंगच्या आधी विचारलं तर बहुतेक वेळा काही दिवस वाढवून मिळतात. जहाज सुटल्यावर मागितले तर मिळतीलच असं नाही.

यादी हाती आली की ती जशीच्या तशी ग्राहकाला पुढे पाठवायची आणि त्याचा होकार आल्यावरच ट्रक भरायला घ्यायचा.